वर्गाचे दार आणि शिक्षक : अमेरिकेतील शालेय कर्मचाऱ्यांच्या सशस्त्र हल्ला-प्रतिसाद प्रशिक्षणाचा इतिहास (१९५८ ते २०२४)

प्रस्तावना

अमेरिकेतील शाळेत गोळीबार झाला की आपल्याकडील वृत्तपत्रांत त्याची बातमी येते आणि चर्चा बहुधा तेथील बंदूकविषयक कायद्यांपाशी येऊन थांबते. ती चर्चा अनाठायी नाही. तथापि या प्रश्नाची दुसरी एक बाजू आहे आणि शिक्षकी पेशातील वाचकाला ती अधिक जवळची वाटावी. असा प्रसंग ओढवल्यास शिक्षकाने, लिपिकाने, शिपायाने नेमके काय करावे, हे गेल्या काही दशकांत त्यांना कोणी शिकवले, कोणत्या अनुभवाच्या आधारे शिकवले आणि त्या शिकवणुकीचे प्रत्यक्षात काय झाले, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

प्रारंभीच एक गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे. अमेरिकेत शालेय वयातील मुलांच्या ज्या हत्या होतात, त्यांपैकी तीन टक्क्यांहूनही कमी शाळेच्या आवारात घडतात. म्हणजे अशा मुलासाठी शाळा ही इतर ठिकाणांच्या तुलनेत सुरक्षित जागा आहे. असे असूनही २०१५-१६ पर्यंत तेथील सुमारे ९५ टक्के सार्वजनिक शाळांत ‘लॉकडाऊन’चा सराव होत होता. विरळ घडणाऱ्या घटनेसाठी एवढी सार्वत्रिक तयारी कशी उभी राहिली, हे समजण्यासाठी बंदुकीच्या आधी आगीपासून सुरुवात करावी लागते.

आगीच्या सरावाचा वारसा

१ डिसेंबर १९५८ रोजी शिकागो येथील ‘अवर लेडी ऑफ द एंजल्स’ या कॅथलिक शाळेला आग लागली. त्यात ९२ विद्यार्थी आणि ३ जोगिणी-शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. जिन्यातून धूर वर चढला आणि वरच्या मजल्यावरील वर्गांचा बाहेर पडण्याचा मार्गच बंद झाला. या दुर्घटनेतील एक तपशील आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. आगीची घंटा वाजवण्याचा अधिकार मुख्याध्यापिकेकडे होता. धूर पाहिलेली एक शिक्षिका त्यांना शोधत कार्यालयात गेली. परंतु मुख्याध्यापिका त्या वेळी एका गैरहजर शिक्षिकेच्या वर्गावर तास घेत होत्या. अखेर त्या शिक्षिकेने परवानगीची वाट न पाहता आपला वर्ग बाहेर काढला. धोक्याची सूचना देण्याचा अधिकार कोणाचा आणि तो अधिकारी जागेवर नसेल तर काय, हा प्रश्न येथे प्रथम ठळकपणे पुढे आला. पुढील साठ वर्षे तो सुटलेला नाही.

शिकागोच्या आगीनंतर इमारतींचे नियम बदलले. जिन्यांना दारे आली, पाणी फवारणारी यंत्रणा आली, घंटेचा थेट संबंध अग्निशमन केंद्राशी जोडला गेला. तेवढी जीवितहानी करणारी आग त्यानंतर अमेरिकेतील कोणत्याही शाळेत लागलेली नाही. शीतयुद्धाच्या काळात अणुबॉम्बपासून बचाव म्हणून मुलांना बाकाखाली दडायला शिकवले जाई. ती कवायत काळाच्या ओघात मागे पडली. आगीचा सराव मात्र टिकला आणि पुढे बंदुकीच्या संदर्भात जे प्रशिक्षण घडवले गेले, त्याचा नमुनाही तोच ठरला.

हा नमुना या नव्या धोक्याला कितपत लागू पडतो, याची शंका घेण्यास मात्र पुरेसे कारण होते. आग सराव पाहत नाही. हल्लेखोर अनेकदा त्याच शाळेचा आजी-माजी विद्यार्थी असतो आणि घंटा वाजल्यावर कोणता वर्ग कोणत्या दाराने बाहेर पडतो, हे त्याला पाठ असते. २४ मार्च १९९८ रोजी आर्कान्सा राज्यातील जोन्सबरो येथे ११ आणि १३ वर्षांच्या दोन मुलांनी नेमका याच माहितीचा उपयोग केला. आगीची खोटी घंटा वाजवून त्यांनी शाळा बाहेर काढली आणि झाडीत दडून गोळ्या झाडल्या. ४ विद्यार्थिनी आणि १ शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. मुलांना वाचवण्यासाठी उभारलेली व्यवस्था मुलांनीच सापळा म्हणून वापरली होती.

कोलंबाइन : परस्परविरोधी दोन धडे

‘लॉकडाऊन’ हा शब्द २०२० नंतर आपल्याकडे घरोघरी पोहोचला. अमेरिकेत तो तुरुंगाच्या परिभाषेतून शाळेत आला. लॉस एंजेलिससारख्या शहरांत टोळीयुद्धातील गोळीबार शाळेच्या आसपास होई, तेव्हा मुलांना जमिनीवर झोपवण्याचा सराव आधीपासून होता. धोका भिंतीबाहेर आहे आणि भिंतीच्या आत राहणे सुरक्षित आहे, हे त्यामागील गृहीतक होते. २० एप्रिल १९९९ रोजी कोलोरॅडोतील कोलंबाइन हायस्कूलमध्ये ते कोलमडले.

त्या दिवशी उपाहारगृहात असलेले शिक्षक डेव्ह सँडर्स यांनी मुलांना पळण्यास सांगितले आणि अनेक जणांना बाहेर किंवा वरच्या मजल्यावर पाठवले. त्याच सुमारास ग्रंथालयात एका शिक्षिकेने मुलांना टेबलांखाली लपण्यास सांगितले आणि पोलिसांना दूरध्वनी केला. मुलांना खालीच राहू द्या, असा सल्ला तिला मिळाला. हल्लेखोर ग्रंथालयात शिरण्यापूर्वी काही मिनिटे गेली. ग्रंथालयातून बाहेर पडण्याचा मार्गही होता. त्या दालनात १० विद्यार्थी मारले गेले. या शिक्षिकेला दोष देण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तिने त्या काळी जे योग्य मानले जाई तेच केले, शिवाय ती स्वतः जखमी होती. स्वतः सँडर्स यांना गोळ्या लागल्या. त्यांना एका वर्गात नेण्यात आले, खिडकीत मदतीसाठी फलक लावण्यात आला. परंतु पोलीस त्यांच्यापर्यंत पोहोचेपर्यंत तीन तासांहून अधिक काळ लोटला होता आणि त्यातच त्यांचा अंत झाला.

पोलिसांनी या घटनेतून घेतलेला धडा स्पष्ट होता. इमारतीला वेढा घालून विशेष पथकाची वाट पाहण्याची पद्धत चुकीची आहे. जो प्रथम पोहोचेल त्याने आत शिरले पाहिजे. २००२ मध्ये टेक्सास स्टेट विद्यापीठात याच हेतूने ‘अ‍ॅलर्ट’ हे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले आणि २०१३ मध्ये एफबीआयने त्याचा अभ्यासक्रम राष्ट्रीय मानक म्हणून स्वीकारला. शाळांसाठी मात्र हा धडा दुभंगलेला होता. सँडर्स यांनी मुलांना पळायला लावले, ग्रंथालयात मुले लपली. बहुसंख्य शाळांनी तरीही लपण्याचाच मार्ग स्वीकारला : दार लावा, दिवे मालवा, कोपऱ्यात गप्प बसा. त्यामागे व्यवहार होता. शेकडो मुलांना सैरावैरा पळू देण्यापेक्षा त्यांना वर्गात ठेवणे प्रशासनाला सोपे जाते आणि नोंदवहीत लिहायलाही सोपे पडते.

‘पळा, लपा, लढा’

या पद्धतीला पहिला ठळक आक्षेप पोलीस खात्यातूनच आला. टेक्सासमधील पोलीस अधिकारी ग्रेग क्रेन यांची पत्नी प्राथमिक शाळेची मुख्याध्यापिका होती. कोलंबाइननंतर, असे काही घडल्यास तुझ्या शाळेचा आराखडा काय, असे त्यांनी तिला विचारले. लपून पोलिसांची वाट पाहायची, या उत्तराने त्यांचे समाधान झाले नाही. त्यातून ‘अ‍ॅलिस’ हा कार्यक्रम आकाराला आला. सूचना, दारबंदी, सतत माहिती देत राहणे, प्रतिकार आणि सुटका असे त्याचे पाच घटक होते आणि प्रसंग पाहून शिक्षकाने त्यांतून निवड करावी, अशी अपेक्षा होती. ‘प्रतिकार’ या घटकावरून वाद झाला. २००६ मध्ये टेक्सासमधील बर्ल्सन येथील शाळांत मुलांना पुस्तके फेकून हल्लेखोरावर तुटून पडण्यास शिकवले गेल्याचे प्रसिद्ध होताच टीकेचा भडिमार झाला.

१६ एप्रिल २००७ रोजी व्हर्जिनिया टेक विद्यापीठात झालेल्या हत्याकांडाने या वादाला नवा पुरावा दिला. तेथे ३२ जण मारले गेले, त्यांपैकी ३० नॉरिस हॉल या एकाच इमारतीत. सकाळी वसतिगृहात पहिला गोळीबार झाल्यानंतर विद्यार्थ्यांना ई-मेलने सूचना मिळण्यास दोन तासांहून अधिक वेळ लागला. नॉरिस हॉलमधील वर्गांना आतून कुलूप लावण्याची सोय नव्हती. खोली क्र. २०५ मध्ये विद्यार्थ्यांनी टेबल दाराला लावून धरले आणि त्या खोलीत कोणालाही इजा झाली नाही. शेजारच्या २०४ मध्ये नाझी छळातून वाचलेले वयोवृद्ध प्राध्यापक लिव्हिउ लिब्रेस्कू यांनी स्वतःच्या शरीराने दार अडवले. बहुतेक विद्यार्थ्यांनी खिडकीतून उड्या टाकल्या. लिब्रेस्कू मारले गेले आणि त्याच वर्गात वास्तुशास्त्राच्या उच्च शिक्षणासाठी मुंबईहून गेलेली एक विद्यार्थिनीही. २०६ मध्ये मूळचे तमिळनाडूचे प्राध्यापक जी. व्ही. लोगनाथन यांचा अंत झाला. त्या आठवड्यातील मराठी वृत्तपत्रे ज्यांना आठवत असतील, त्यांना ही घटना केवळ परक्या देशाची वाटणार नाही.

खोल्याखोल्यांतील या फरकाचा पुढे बारकाईने अभ्यास झाला. एफबीआयने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत २००० ते २०१३ या काळातील १६० घटना तपासल्या होत्या. ज्या ६३ घटनांचा कालावधी निश्चित करता आला, त्यांपैकी ४४ घटना पाच मिनिटांत किंवा त्याहून कमी वेळात संपल्या होत्या. २१ घटनांत निःशस्त्र नागरिकांनी हल्लेखोराला आवरले आणि त्यांतील ११ ठिकाणी हे नागरिक मुख्याध्यापक, शिक्षक, इतर कर्मचारी किंवा विद्यार्थी होते. याचा अर्थ असा की पोलीस कितीही तत्पर असले तरी पहिली पाच मिनिटे शाळेची स्वतःची असतात. २०१२ मध्ये ह्यूस्टन शहराने केंद्रीय निधीतून ‘पळा, लपा, लढा’ ही चित्रफीत काढली आणि जून २०१३ मधील केंद्रीय मार्गदर्शिकेने हाच क्रम शालेय कर्मचाऱ्यांपुढे ठेवला. लढण्याचा मजकूर प्रौढांपुरता होता. प्रत्यक्षात मात्र तो मुलांपर्यंत झिरपला. २०१५ मध्ये अलाबामातील एका शाळेने हल्लेखोरावर फेकण्यासाठी मुलांना घरून डबाबंद खाद्यपदार्थ आणण्यास सांगितले होते.

कडी आणि किल्ली

आपल्याकडील वर्गाच्या दाराला आतून साधी कडी असते. त्यामुळे दार लावण्याचा प्रश्न एवढा गहन का व्हावा, असे वाचकाला वाटणे स्वाभाविक आहे. प्रस्तुत लेखकालाही प्रथम तसेच वाटले. आगीच्या वेळी आतल्या माणसाला काहीही न शोधता बाहेर पडता यावे, हे अमेरिकी अग्निनियमांचे मूळ सूत्र आहे आणि एखाद्या विद्यार्थ्याने आतून दार लावून शिक्षकाला बाहेर ठेवू नये, ही व्यवस्थापनाची इच्छा. या दोहोंतून असे कुलूप रूढ झाले की ते बाहेरच्या बाजूने, किल्लीनेच लागते. म्हणजे गोळ्यांचा आवाज ऐकल्यावर शिक्षकाने दार उघडून, व्हरांड्यात हात काढून, किल्ली फिरवून पुन्हा आत यायचे. शिकागोच्या आगीने शिकवलेला धडा येथे नव्या धोक्याच्या आड आला.

१४ डिसेंबर २०१२ रोजी कनेक्टिकटमधील सँडी हुक प्राथमिक शाळेत २० मुले आणि ६ कर्मचारी मारले गेले. शाळेचे मुख्य दार नियमानुसार बंद होते. हल्लेखोर शेजारची काच फोडून आत आला. वर्गांची कुलपे वर वर्णन केल्याप्रमाणे बाहेरून किल्लीने लागणारी होती. राज्याने नेमलेल्या सल्लागार आयोगाच्या २०१५ च्या अहवालात पहिला भर आतून लागणाऱ्या कुलपांवर होता. कुलूपबंद वर्गाचे दार तोडून हल्लेखोर आत शिरल्याची घटना आढळत नाही, अशी साक्ष आयोगापुढे झाली होती. बदली शिक्षकांनाही किल्ली दिली पाहिजे, अशी शिफारस आयोगाला करावी लागली. वाचताना ती क्षुल्लक वाटते. एक दिवसासाठी आलेल्या शिक्षकाला कोणत्याही संस्थेत किल्ल्यांच्या जुडग्यापासून दूरच ठेवले जाते, हे ज्याने असे तास घेतले आहेत त्याला सांगायला नको.

प्रशिक्षणाचा अतिरेक

कुलूप बदलण्याला पैसे लागतात, प्रशिक्षणाचा कार्यक्रम एका दुपारी उरकता येतो. सँडी हुकनंतर या क्षेत्रात खासगी संस्थांची गर्दी झाली आणि सराव अधिकाधिक ‘वास्तव’ होत गेले. जानेवारी २०१९ मध्ये इंडियाना राज्यातील एका प्राथमिक शाळेत पोलिसांनी घेतलेल्या प्रशिक्षणात शिक्षिकांना चार-चारच्या गटाने एका खोलीत नेऊन भिंतीकडे तोंड करून गुडघ्यांवर बसवले आणि त्यांच्यावर प्लास्टिकच्या छऱ्यांनी मारा केला. काहींच्या अंगावर वळ उठले. शिक्षक संघटनेने मार्च महिन्यात हा प्रकार राज्याच्या विधिमंडळ समितीपुढे मांडला. गुडघ्यांवर बसून छरे खाल्ल्याने दार लावण्याच्या कौशल्यात कोणती भर पडते, याचे उत्तर कोणाला देता आले नाही.

फेब्रुवारी २०२० मध्ये दोन्ही प्रमुख राष्ट्रीय शिक्षक संघटनांनी बंदूक-प्रतिबंधासाठी कार्य करणाऱ्या ‘एव्हरीटाउन’ या संस्थेसह मुलांना अशा सोंगांत ओढू नये, अशी भूमिका घेतली. याच संस्थेने जॉर्जिया टेकच्या संशोधकांच्या मदतीने ३३ राज्यांतील ११४ शाळांशी संबंधित समाजमाध्यमांवरील मजकूर तपासला. सरावानंतरच्या काळात नैराश्यसूचक मजकुरात ३९ टक्के आणि ताण व चिंता दर्शवणाऱ्या मजकुरात ४२ टक्के वाढ आढळली. समाजमाध्यमांवरील भाषा म्हणजे वैद्यकीय निदान नव्हे आणि संस्थेची स्वतःची भूमिका आहे, हे ध्यानात ठेवूनच हे आकडे वाचले पाहिजेत. जॅकलिन शिल्डक्राउट यांनी न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज येथील शाळांत केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष वेगळा आहे. तेथे सोंग नव्हते. दार लावणे, दृष्टीआड होणे, शांत राहणे एवढाच सराव होता. विद्यार्थ्यांना आपण अधिक तयार आहोत असे वाटू लागले, मात्र शाळा सुरक्षित असल्याची भावना कमी झाली. प्रस्तुत लेखकास हा निष्कर्ष अधिक प्रामाणिक वाटतो, कारण त्यात लाभ आणि मोल दोन्ही दिसतात.

दुसरी दिशा शस्त्राची होती. फ्लोरिडाने २०१८ मध्ये शालेय कर्मचाऱ्यांना १४४ तासांच्या प्रशिक्षणानंतर बंदूक बाळगण्याची योजना आणली. त्यात केवळ अध्यापन करणाऱ्यांना वगळले होते, २०१९ मध्ये त्यांनाही मुभा मिळाली. ओहायोत २०२१ च्या न्यायालयीन निर्णयानुसार बंदूकधारी शिक्षकाला ७०० हून अधिक तासांचे पोलीस प्रशिक्षण आवश्यक ठरले होते. २०२२ च्या कायद्याने ती अट कमाल २४ तासांवर आणली. शिक्षकाने संरक्षक व्हावे, असे ज्यांना वाटत होते त्यांनीच संरक्षकाचे शिक्षण इतके स्वस्त केले.

पार्कलंड, युवाल्डी आणि त्यानंतर

प्रशिक्षण आणि प्रत्यक्ष यांतील अंतर मोजण्यास पार्कलंडइतके उदाहरण नाही. १४ फेब्रुवारी २०१८ रोजी फ्लोरिडातील या हायस्कूलमध्ये १७ जण मारले गेले. जेमतेम महिन्यापूर्वी कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण झाले होते आणि त्याच दिवशी सकाळी आगीचा सरावही झाला होता. गोळीबाराने उडालेल्या धुळीमुळे आगीची घंटा आपोआप वाजली. तिसऱ्या मजल्यावरील मुले सवयीप्रमाणे व्हरांड्यात आली. काही मुले स्वच्छतागृहाकडे धावली, ते कुलूपबंद होते. चौकशी आयोगाच्या अहवालानुसार पहिली तीन मिनिटे कोणीही ‘कोड रेड’ पुकारला नाही. दाराच्या काचेतून न दिसणारा कोपरा आखून ठेवण्याची सूचना इमारतीतील केवळ दोन शिक्षकांनी पाळली होती. हल्लेखोर एकाही वर्गात शिरला नाही. त्याने काचेतून गोळ्या झाडल्या.

२४ मे २०२२ रोजी टेक्सासमधील युवाल्डी येथे १९ मुले आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या. ३७६ पोलीस जमले आणि सुमारे ७७ मिनिटे वर्गाबाहेर थांबले. कोलंबाइननंतर ज्या राज्यात नवी शिकवण रुजवली गेली, त्याच राज्यात हे घडले. शिवाय शालेय जिल्ह्याच्या पोलिसांनी दोनच महिन्यांपूर्वी यासंबंधीचे प्रशिक्षण घेतले होते. पोलिसांच्या या वर्तनावर पुष्कळ लिहिले गेले आहे. राज्य विधिमंडळ समितीच्या अहवालातील शाळेविषयीची पाने तुलनेने दुर्लक्षित राहिली. खोली क्र. १११ चे कुलूप नीट लागत नसल्याचे माहीत होते, दुरुस्तीचा आदेश मात्र निघाला नव्हता. किल्ल्यांचा तुटवडा असल्याने दारांना दगड किंवा लोहचुंबक लावून ती उघडी ठेवली जात. सीमेवरील पाठलागांमुळे शाळेत वारंवार धोक्याच्या सूचना येत आणि त्यामुळे त्यांचे गांभीर्य ओसरले होते. त्या दिवशी मुख्याध्यापिकेने मोबाइलवरून सूचना पाठवण्याचा प्रयत्न केला, वाय-फाय क्षीण होते आणि ध्वनिक्षेपकावरून घोषणा झालीच नाही.

याउलट २७ मार्च २०२३ रोजी नॅशव्हिल येथील कव्हनंट शाळेत ६ जण मारले गेले, परंतु आदल्या वर्षी प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकांनी बंद केलेल्या वर्गांत कोणालाही इजा झाली नाही.

प्रतिबंधाचा विचार येथे थोडक्यात करता येईल. अमेरिकी गुप्तहेर सेवा आणि शिक्षण विभाग यांनी २००२ मध्ये ३७ घटनांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांपैकी ८१ टक्के घटनांत हल्लेखोराचा बेत आधी किमान एका व्यक्तीला ठाऊक होता आणि ही व्यक्ती बहुधा समवयस्क होती. मुलाने सांगितलेले ऐकून घेणे आणि ऐकलेले योग्य माणसापर्यंत पोहोचवणे, हेही कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षणच आहे. त्याची चित्रफीत मात्र निघत नाही.

४ सप्टेंबर २०२४ रोजी जॉर्जियातील अ‍ॅपलॅची हायस्कूलमध्ये या दोन्ही धाग्यांची गाठ पडली. कर्मचाऱ्यांच्या गळ्यातील ओळखपत्रातच धोक्याची कळ होती. ती यंत्रणा जेमतेम आठवड्यापूर्वी बसवली होती. त्या सकाळी हल्लेखोराच्या आईने शाळेत दूरध्वनी करून इशारा दिला होता. त्याला शोधण्यास कर्मचारी त्याच्या वर्गात आलेही, परंतु जवळपास तेच नाव असलेल्या दुसऱ्या विद्यार्थ्याशी त्याची गल्लत झाली. तो स्वतः आधीच वर्गाबाहेर पडला होता. काही वेळाने तो परतला. वर्गाचे दार आपोआप कुलूपबंद होणारे होते. दार उघडायला उठलेल्या विद्यार्थिनीला काचेतून बंदूक दिसली आणि ती मागे सरली. तेव्हा तो शेजारच्या वर्गाकडे वळला. त्या दिवशी २ शिक्षक आणि २ विद्यार्थी मारले गेले.